कड्यावरची पहिली माळ

माणदेशातल्या माणसाला चढ म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. चैत्र शुद्ध द्वादशीला शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटात उभे राहिले की ते आपोआप कळते. सासवडहून निघालेली भुतोजी तेली बुवांची कावड कऱ्हेचे पाणी घेऊन घाटाच्या पायथ्याशी येते. समोर धोंड्यांनी भरलेली उभी चढण. मग माणसांची साखळी लागते. खालचा वरच्याला खांदा देतो, वरचा खालच्याला हात देतो आणि ‘हर हर महादेव’च्या गजरात ती अवजड कावड तोल सांभाळत माथ्यावर पोचते.

दरवर्षी पाहिले की नवल कमी होते. कोणतीही अवघड चढण एकदा झाली की तिची वाट होते, आणि वाट झाली की ती कधी काळी अशक्य वाटत होती, हे लोक विसरतात. आज मला अशा विसरलेल्या पहिल्या पावलांविषयी बोलायचे आहे.

आपल्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध चढाई कोंढाण्याची. 4 फेब्रुवारी 1670, माघ वद्य नवमीची रात्र. पोवाड्याने घोरपडीची गोष्ट घरोघर नेली. पण शिवछत्रपतींच्या दरबारातल्याच कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 च्या सुमारास लिहिलेली बखर उघडली, तर तिथे घोरपड सापडत नाही. तिथे दोन मावळे आहेत. तानाजीने निवडक असे दोन गडी आधी कड्यावर चढवले. ते वानरासारखे वर गेले, त्यांनी वरून माळ लावली, म्हणजे दोराची शिडी सोडली, आणि तिच्यावरून तानाजीसह तीनशे माणूस गडावर पोचला. पुढचे युद्ध, उदेभान राजपूत, तानाजीचे मरण हे सगळे आपल्याला पाठ आहे. त्या दोघांची नावे मात्र सभासदानेही लिहिलेली नाहीत.

मला घोरपडीपेक्षा ही हकिगत मोठी वाटते. घोरपड म्हटली की तो चमत्कार होतो. दोन माणसे म्हटली की ते कौशल्य होते, आणि कौशल्य शिकता येते. अंधारात बोटांनी खाच चाचपणे, ती वजन पेलेल की नाही हे जोखणे, आवाज न करता पाय उचलणे. ज्यांचे बालपण सह्याद्रीच्या कड्याकपारींत गुरांमागे गेले, त्यांचे हे रोजचे शिक्षण होते.

तीनच वर्षांनी, मार्च 1673 मध्ये, कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी रात्री पन्हाळ्याचा कडा चढून तो किल्ला घेतला. दोन्ही ठिकाणी युक्ती एकच होती. गडाचा पहारा कडक असतो तो दरवाजावर. कड्यावर तो ढिला असतो, कारण इथून माणूस येणारच नाही, अशी आतल्यांची खात्री असते. म्हणजे ‘अशक्य’ हे जितके दगडात होते, त्याहून अधिक पहारेकऱ्याच्या मनात होते. पहिल्या चढणाऱ्यांनी कडा नीट पाहिला; बाकीच्यांनी तो गृहीत धरला.

आता थोडे हिमालयाकडे वळू. 1950 मध्ये फ्रेंच गिर्यारोहक मॉरिस हर्झॉग आणि लुई लाशनाल अन्नपूर्णा शिखरावर पोचले. आठ हजार मीटरवरचे माणसाने गाठलेले ते पहिले शिखर. नकाशे इतके चुकीचे होते की, या मोहिमेचे कित्येक दिवस डोंगराकडे जाणारी वाट शोधण्यातच गेले. परतताना हिमदंशाने दोघांच्याही पायांची बोटे गेली, हर्झॉगच्या तर हातांचीही. एव्हरेस्टची कथा याहून लांब आहे. जॉर्ज मॅलरी 1921 मध्ये तिथे गेला तो प्रथम वाट हुडकायला. 1922 च्या मोहिमेत हिमकडा कोसळून सात हमाल गेले. 1924 मध्ये एडवर्ड नॉर्टन प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय सुमारे 8,572 मीटरपर्यंत पोचला आणि तिथून मागे फिरला. चारच दिवसांनी, 8 जूनला, मॅलरी आणि तरुण अँड्र्यू आयर्विन ढगांत दिसेनासे झाले. मॅलरीचे शव 1999 मध्ये सापडले. आयर्विनचा बूट, त्यात पाऊल तसेच, 2024 मध्ये. ते शिखरावर पोचले होते की नाही, याचा निकाल अजून लागलेला नाही.

यातला थोर कोण? मॅलरीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण परत फिरणाऱ्या नॉर्टनचे धैर्य मला कमी वाटत नाही. आणि ज्या तेनसिंगने 29 मे 1953 रोजी एडमंड हिलरीबरोबर माथ्यावर पाऊल ठेवले, तो 1935 मध्ये याच डोंगरावर हमाल म्हणून प्रथम आला होता. 1953 ची त्याची सातवी एव्हरेस्ट मोहीम. शिखरावर दोघे उभे राहिले. त्यांच्याखाली बत्तीस वर्षांची साखळी उभी होती. मुंगी घाटातल्यासारखीच.

ही साखळी आपल्याकडेही आली. 1954 मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ संस्था सुरू झाली. 1988 मध्ये वसंत वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली मराठी मुले कांचनजंगावर गेली. त्या मोहिमेत संजय बोरोले यांचा मृत्यू झाला. 1998 मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. 2019 मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील ‘गिरिप्रेमी’च्या दहा गिर्यारोहकांनी त्याच कांचनजंगाचा माथा गाठला. आणि ज्या अन्नपूर्णेने हर्झॉगची बोटे घेतली, तिच्यावर 2021 मध्ये पोचणारी पहिली भारतीय महिला आपल्या साताऱ्याची, प्रियांका मोहिते.

कोणी म्हणेल, या बर्फाच्या गोष्टींचा दुष्काळी माणशी काय संबंध? संबंध आहे. माणचे डोंगर उजाड, पाऊस बेभरवशाचा; इथे पाणी थांबणार नाही, पोरांनी मुंबई गाठावी, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. तोही एक कडाच होता, आणि त्यावरचा पहारा आपल्याच मनातला. 2018 च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिले आले ते माण तालुक्यातले टाकेवाडी. उतारावर चर खणणारे ते हात कोणा एकाचे नव्हते. पावसाचा नेम अजूनही नाही आणि एका बक्षिसाने दुष्काळ हटत नाही, हे खरेच. पण पहिली माळ लागली आहे.

पुढच्या वेळी सिंहगडावर गाडीने जाल, तेव्हा तानाजीच्या समाधीपुढे हात जोडाच. मग क्षणभर कड्याच्या कडेला जाऊन, जपून, खाली पाहा. त्या रात्री दोन माणसे तिथून वर आली होती. त्यांना नाव नाही. पण त्यांच्यामागून तीनशे जण आले.