शरणपूरच्या वहीतली माणसं

नाशिकला आलेला यात्रेकरू रामकुंडावर उतरला की तीर्थोपाध्ये त्याला दोनच गोष्टी विचारतात. आडनाव काय, आणि मूळ गाव कोणतं? मग फडक्यातून एखादं जुनं बाड निघतं. पानं उलटता उलटता आजोबांची सही सापडते, पणजोबांचं नाव सापडतं, कोण कोणत्या साली कुणाच्या अस्थी घेऊन आलं होतं तेही सापडतं. मुंबईत किंवा पुण्यात तिसऱ्या पिढीपासून राहणाऱ्या माणसाला आपण कुठले, हे अशा वेळी एकदम कळतं. भल्याभल्यांचे डोळे तिथं भरून येतात.

माझ्यासारख्या मुसलमानाच्या घरची वही रामकुंडावर नसते. सय्यदांकडे, पीरजाद्यांकडे शजरा असतो, म्हणजे वंशवृक्ष. बाकीच्यांकडे असते ती आजीची आठवण, आणि आजी गेली की तीही जाते. म्हणूनच असेल कदाचित, पण ज्यांची वहीच नाही त्यांचा माग कसा काढायचा, या प्रश्नानं मला कायम ओढून घेतलं आहे. या प्रश्नाचं एक विलक्षण उदाहरण आपल्या नाशकातच आहे, तेही रामकुंडापासून फार दूर नाही.

शरणपूर रोड आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातला. दुकानं, बँका, दवाखाने, शिकवण्यांच्या पाट्या. या रस्त्याला ज्या वस्तीचं नाव मिळालं ती शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीनं वसवली. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख. शरण आलेल्यांचं पूर, म्हणून शरणपूर. तिथं शाळा होती, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवणारी कार्यशाळा होती. आणि तिथं आफ्रिकी मुलं होती. पुढं जगभरच्या पुस्तकांत ती ‘नासिक बॉईज’ या नावानं ओळखली गेली.

ही मुलं नाशकात आली कशी? ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांत १८३३ च्या कायद्यानं गुलामगिरी बंद झाली होती, पण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसांचा व्यापार चालूच होता. न्यासा सरोवराच्या आसपासच्या गावांवर धाडी पडत. पकडलेल्यांना चालवत किनाऱ्यावर आणत आणि गलबतांतून झांझिबारला, अरबस्तानात, इराणी आखाताकडे नेत. गलबतं बहुतेक अरबांची, म्हणजे माझ्याच धर्माच्या लोकांची. हे सांगताना आवाज खाली करण्याचं कारण नाही. झांझिबारच्या व्यापारात कच्छच्या सावकारांचा पैसा होता, आणि माणसं विकत घेणाऱ्यांत युरोपीय मळेवालेही होते. पापाला एकच धर्म असता तर इतिहास फार सोपा झाला असता.

ब्रिटिश नौदलाच्या बोटी ही गलबतं पकडत आणि सुटका झालेल्यांना एडनला किंवा मुंबईला उतरवत. मुंबईत ते पोलिसांच्या ताब्यात दिले जात. काही मुलं शहरातल्या घरांमध्ये कामाला किंवा सांभाळायला दिली गेली, काही मिशनऱ्यांकडे सोपवली गेली. घरांमध्ये गेलेल्यांचा माग बहुधा तिथंच संपतो. मिशनऱ्यांकडे गेलेल्यांपैकी अनेकांना शरणपूरला पाठवलं गेलं, आणि त्यांचा मात्र माग लागतो. कारण मिशनची एक सवय होती. ते सगळं लिहून ठेवत. बाप्तिस्मा झाला, लिहा. लग्न झालं, लिहा. कुणी दगावलं, लिहा. शिवाय मुलांची हकीकत सांगणारी पत्रं लंडनच्या मुख्य कचेरीला जात. चर्च मिशनरी सोसायटीचं ते जुनं दप्तर आज बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

वंशाचा शोध घेणारे लोक जगात पुष्कळ आहेत. नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्यांचे वंशज तर या कामात फार पुढे. ४ जुलै १८२५ रोजी स्टाव्हांगर बंदरातून ‘रेस्टोरेशन’ नावाचं छोटं गलबत ५२ माणसं घेऊन निघालं आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला लागलं. पुढच्या शंभर वर्षांत नॉर्वेतून सुमारे आठ लाख माणसं तिकडं गेली. तिथल्या गावोगावच्या पाद्र्यांच्या वहीत जन्म-मृत्यूबरोबर गाव सोडून जाणाऱ्यांचीही यादी असे. अनेकांचं आडनाव म्हणजे त्यांच्या शेतवाडीचंच नाव. त्यामुळं मिनेसोटातला पणतू कागदांचा धागा धरून थेट पणजोबांच्या शेताच्या बांधावर जाऊन उभा राहू शकतो. जाणारा माणूस तिथं दोनदा लिहिला गेला, निघताना आणि पोचताना.

शरणपूरच्या मुलांना निघताना कुणीच लिहिलं नाही. धाड घालणारा वही ठेवत नाही. नौदलाच्या कागदांत त्यांची नोंद येते ती आकड्यात. अमुक गलबत, अमुक तारीख, इतके पुरुष, इतक्या बायका, इतकी मुलं. अशा कारवाईबद्दल नौदलाच्या लोकांना सरकारी बक्षीस मिळे, त्यामुळं मोजदाद करणं भाग होतं. म्हणजे या मुलांची पहिली नोंद नावाची नाही, डोक्यांच्या मोजणीची आहे. दुसरी नोंद बाप्तिस्म्याची. तिथं नाव आहे, पण ते दिलेलं नाव आहे.

ही नावं वाचली की गंमत वाटते आणि मग गंमत वाटेनाशी होते. सायमन प्राइस, कारस फरार, रिचर्ड आयझेनबर्ग. प्राइस हे शरणपूरच्या प्रमुखांचं आडनाव. फरार हे नाशिकमध्ये काम केलेल्या मिशनऱ्याचं. आयझेनबर्ग हे मुंबईतल्या जर्मन मिशनऱ्याचं. आडनावावरून बाप सापडतो हा आपला समज, पण इथं आडनावावरून सापडतो तो गुरुजी. रामकुंडावरची वही वर वर जाते, बाप, आजोबा, पणजोबा. शरणपूरची वही मुलापासून सुरू होते आणि खाली खाली येते. तिच्यात वरचं पान नाहीच.

या मुलांना इतिहासात जागा मिळाली ती डेव्हिड लिव्हिंग्स्टनमुळं. १८६५ साली हा प्रसिद्ध प्रवासी मुंबईला आला आणि नाशिकलाही येऊन गेला. पुढच्या मोहिमेसाठी इथले नऊ तरुण त्याच्याबरोबर निघाले. त्यांतले बरेच वाटेत गळाले, पण एडवर्ड गार्डनर आणि नथॅनिएल मब्रुकी हे दोघं शेवटपर्यंत राहिले. १८७२ साली नाशिकचे आणखी काही तरुण जाऊन मिळाले. त्यांत मॅथ्यू वेलिंग्टन होता आणि जेकब वेनराइट होता.

१ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचं हृदय तिथंच एका झाडाखाली पुरलं. प्रार्थना वाचली जेकब वेनराइटनं, कारण त्याला इंग्रजी वाचता येत होतं; ते तो नाशिकला शिकला होता. त्यानंच झाडाच्या बुंध्यावर मृताचं नाव आणि तारीख कोरली. मग त्या सगळ्यांनी ते शव वाळवून, गुंडाळून, नऊ महिने वाहून समुद्रापर्यंत आणलं. अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त. वेनराइट शवाबरोबर इंग्लंडला गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाच्या वेळी शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता.

झाडाचा तो कोरलेला भाग पुढं कापून लंडनला नेला गेला. ॲबीतल्या दगडावर विश्वासू हातांचा उल्लेख आहे, पण त्या हातांची नावं नाहीत. मला या साऱ्यात एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या मुलाच्या बापाचं नाव कुठल्याही वहीत नाही, त्यानं दुसऱ्या एका माणसाचं नाव झाडावर कोरून जगासाठी राखलं.

नौदलानं ‘सुटका’ केली म्हणजे मुलं घरी गेली असं नव्हे. घर कुठं आहे हे सांगता येईल इतकी ती मोठी नव्हती, आणि गेली असती तर पुन्हा पकडली गेली असती. १८६४ साली विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे नाशिकचे दोन विद्यार्थी आपल्या बायकांसह मोंबासाजवळच्या राबाईला गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर झांझिबारला वाटाघाटीसाठी जाऊन आल्यावर, जून १८७३ मध्ये तिथल्या सुलतानानं गुलामांचा सागरी व्यापार बंद करण्याच्या करारावर सही केली. मग सुटलेल्या लोकांसाठी मोंबासासमोर वसाहत उभी राहिली, तिचं नाव फ्रिअरटाउन. ती उभारायला प्राइससाहेबच गेले. तिकडं गेलेल्या सुमारे १५० माणसांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत. आफ्रिकेत जन्मलेली माणसं आफ्रिकेत परतली आणि तिथं त्यांना नाव मिळालं मुंबईचं!

तिथंच त्यांचा वंश वाढला. मुलं, नातवंडं केनियाची झाली. फ्रिअरटाउनची घंटा अजून आहे आणि त्या भागाला स्वाहिलीत केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेची जागा. गुलामांच्या मुक्तीची गोष्ट फ्रिअरटाउनच्याच परंपरेतले जेम्स म्बोटेला यांनी १९३४ साली स्वाहिलीत लिहिली. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं २००७ साली ‘बॉम्बे आफ्रिकन्स’वर प्रदर्शन भरवलं.

मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत जगला. तो याओ जमातीचा, आणि त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव होतं चेंगविंबे. हे नाव टिकलं, कारण म्हातारपणी त्यानं आपली हकीकत सांगितली आणि कुणीतरी ती ऐकून लिहून घेतली. वहीनं जे टाकून दिलं होतं ते त्यानं तोंडानं राखलं. बाकीच्या किती जणांनी आपलं पहिलं नाव मनात ठेवलं असेल, आणि ते विचारायला कुणी आलंच नसेल!

कागदाचं काम कागदानं करावं, पण तेवढ्यावर थांबू नये, एवढंच मला सुचवायचं आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारात, चर्चच्या कपाटात, काझींच्या निकाहाच्या नोंदीत, उपाध्यांच्या बाडात आपल्या गावाचा इतिहास पडून आहे. त्याला वाळवी लागण्याआधी त्याची छायाचित्रं निघाली पाहिजेत. आणि घरात ऐंशी वर्षांचं माणूस असेल तर आज संध्याकाळीच त्याच्याजवळ बसून विचारलं पाहिजे, तुमच्या आईचं माहेरचं नाव काय होतं?

मोंबासाहून एखादा पणतू आपला माग काढत निघाला, तर त्याचा कागदी धागा राबाईहून फ्रिअरटाउनला, तिथून नाशिकला आणि शरणपूरला येतो. त्यापुढं फक्त समुद्र. त्याच्या घराण्याचं पहिलं लिहिलेलं गाव आपलं आहे. तो इथं आला आणि त्यानं पत्ता विचारला, तर निदान त्याला रिक्षाच्या भाड्यापलीकडचं काही सांगता यावं.