सामना जिंकला तर तीन, गटार उपसलं तर सहा

घड्याळ, पाकीट, मोबाइल सगळं घरी ठेवा. मोबाइल तर नुसतं ओझं आहे, कारण आपण जातोय नव्वदच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात. अंगात जुना टी-शर्ट चढवा, जो परत आल्यावर फेकून देताना जीव हळहळणार नाही. शनिवार आहे, सकाळ आहे, आणि तुम्ही नैरोबीच्या एका मटाटूत, म्हणजे तिथल्या खाजगी मिनीबसमध्ये, कोंबले गेला आहात. सीट तिघांची, बसलेत पाच. कुणाच्या तरी मांडीवरची कोंबडी तुमच्या कोपरावर चोच मारतेय. स्पीकर थेट पाठीमागे, त्यामुळे गाणं कानाने नाही, बरगड्यांनी ऐकू येतंय. कंडक्टरने पत्र्यावर दोन थापा मारल्या की उतरायचं. गाडी पूर्ण थांबेल या आशेवर राहू नका.

हा जूजा रोड. रस्ता ओलांडला की जमीन एकदम खाली उतरते आणि त्या घळीत नजर पोचेल तिथवर गंजलेले पत्रे. हे मथारे. इथे पूर्वी दगडाच्या खाणी होत्या. दगड शहरातल्या इमारतींना गेला, खड्डे राहिले, खड्ड्यांत माणसं राहायला आली.

उतार सांभाळून उतरा. आधी नाकाला लागतो कोळशाच्या शेगड्यांचा धूर, मग तेलात फुगणाऱ्या मंदाझीचा गोडसर वास, मग रॉकेल. आणखी खाली नदीकडे गेलात की आंबूस, डोक्यात जाणारा भपका येईल. ती चांगआ, म्हणजे तिथली हातभट्टी. या सगळ्याच्या तळाशी एक वास कायमचा आहे. तो कशाचा ते थोड्याच वेळात कळेल, कारण तुम्ही त्यात उभे राहणार आहात. बोळ इतका अरुंद की समोरून पाण्याचा डबा घेतलेली बाई आली तर एकाने मागे सरायचं, अर्थात तुम्हीच. पत्र्याला खांदा टेकवू नका, ऊन चढलंय, चटका बसेल. एका घरात रेडिओ, शेजारच्या घरात प्रार्थना, त्यापलीकडे कुणीतरी पत्र्याचे डबे ठोकून दिवे बनवतोय. पोरांची एक टोळी मागे लागते आणि ओरडते, "मुहिंदी! मुहिंदी!" भारतीय माणूस त्यांनी पाहिलेला आहे, पण दुकानाच्या गल्ल्यामागे. फावडं मागणारा पाहिलेला नाही.

फावडं मिळेल, पण आधी नाव लिहायचं. वही ज्याच्या हातात आहे तो आज तुमचा साहेब. वय पंधरा असेल-नसेल, शर्टाची दोन बटणं गायब, चेहरा मात्र मामलेदाराचा. "उशीर झाला," तो म्हणतो. सबब ऐकायला तो थांबत नाही.

ही मथारे यूथ स्पोर्ट्‌स असोसिएशन. 1987 साली बॉब मन्रो नावाच्या एका कॅनेडियन माणसाने सुरू केली. तो पर्यावरणाच्या कामातला सल्लागार. इथली पोरं चिंध्यांच्या चेंडूने खेळताना पाहिली आणि त्यांच्याशी त्याने सरळ व्यवहार केला. खरे चेंडू आणि पंच मिळतील, लीग होईल, पण वस्तीतला कचरा तुम्ही काढायचा. गुणांचा हिशेबही त्यातूनच आला. सामना जिंकला तर तीन गुण, सफाईची पाळी पुरी केली तर सहा. पुन्हा वाचा, छपाईची चूक नाही. एखादा संघ गोल मारून नाही, तर फावडं मारून तक्त्यात वर जाऊ शकतो. मला या संस्थेतलं सगळ्यात जास्त पटतं ते हेच, की सेवा, त्याग असले शब्द इथे कुणी उच्चारत नाही. गुण म्हणतात. आणि गुणांसाठी पोरं मरमर राबतात.

तर, गटारात उतरा. गमबूट चार जोड आहेत आणि तुम्ही अकरा जण. पाहुणा म्हणून तुम्हाला मिळतील, पण दोन्ही डावे. चिखल घोट्यापर्यंत थंड लागतो, वरून मानेवर ऊन. पहिलं फावडं मारलं की काळा थर फुटतो आणि तो मघाचा वास, आता पडद्याशिवाय, तोंडावर येतो. तोंड उघडं ठेवू नका. वर काय काय येतं बघा: केळीच्या साली, मक्याची कणसं, प्लास्टिकच्या पिशव्यांचे चिकटलेले गठ्ठे, बुटाची एक टाच, एक मेलेला उंदीर. उंदीर बघून सगळे खूश होतात आणि तो कुणाच्या तरी मागे धावण्याच्या कामी येतो. घमेलं भरलं की हातगाडीवर, हातगाडी भरली की वर रस्त्याकडे, चौघांनी ढकलत. हे आत्ताच का, विचाराल तर पावसाळा तोंडावर आहे. गटार तुंबलं की हेच पाणी घरांत शिरतं आणि मागोमाग जुलाब, ताप. ज्याच्या धाकट्या भावंडाने ते भोगलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

काठावरच्या ओट्यावरून एक म्हातारी मघापासून सूचना करतेय. भाषा कळत नाही, पण प्रत्येक वस्तीत एक अशी असते, तेव्हा आशय कळला असेल.

मध्येच पाणी प्यायला सुट्टी. मैदान रिकामं नाही म्हणून पोरं चेंडू बनवायला बसतात, तुम्हीही बसा. एक पिशवी चुरगळून घट्ट मूठ करायची. तिच्यावर दुसरी, मग तिसरी, प्रत्येक वेळी पीळ देऊन उलटी फिरवायची. मध्ये चिंध्या घालायच्या, नाहीतर चेंडू हलका होतो आणि वाऱ्यावर जातो. वरून सुतळी उभी-आडवी, जाळीसारखी, आणि प्रत्येक गाठ दाताने ओढायची. याला जुआला म्हणतात. तुमचा अंड्यासारखा झालाय. शेजारचा आठ वर्षांचा पोरगा काही न बोलता तुमच्या हातातून घेतो, सोडतो आणि पुन्हा बांधतो.

सामना दुपारी. मैदान म्हणजे लाल धूळ आणि एका बाजूला चांगलाच उतार, त्यामुळे पूर्वार्धात उतार कुणाकडे यावरून आधी भांडण. पण पंचाशी बोलायचं तर फक्त कॅप्टनने. तुम्ही सवयीने हात वर करून "ऑफसाइड!" म्हणून ओरडाल आणि पंच, जो तुमच्या पोराच्या वयाचा आहे, खिशाकडे हात नेईल. गप्प बसा. शेजारच्या तुकड्यावर मुलींचा सामना चाललाय. त्यांचा फुटबॉल 1992 साली सुरू झाला आणि आयांची हरकत अजून मिटलेली नाही: पाणी कोण भरणार, लहानग्याला कोण बघणार? म्हणून रेषेबाहेर बदली खेळाडू कडेवर भाऊ घेऊन उभी आहे. बदली झाली की भाऊही हात बदलतो.

त्याच वर्षी या सफाईला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 'ग्लोबल 500' पुरस्कार मिळाला. त्या कार्यक्रमाचं मुख्यालयही नैरोबीतच आहे, शहराच्या दुसऱ्या, झाडीतल्या टोकाला. पुरस्काराबद्दल इथे विचारलंत तर उत्तर मिळेल, पण सामना संपल्यावर.

सामना तुम्ही हरलात. चार-शून्य. त्यातला एक गोल तुमच्या दोन डाव्या बुटांच्या नावावर.

संध्याकाळी एका खोलीत सात-आठ पोरं-पोरी बाकांवर दाटीने बसतात. ही निवडून आलेली समिती, मिसरूड फुटायचं आहे अशी. गेल्या आठवड्याचा चेंडू कुणी हरवला यावर वीस मिनिटं, पुढच्या लीगचं वेळापत्रक पाच मिनिटांत. मग कुणी किती सामन्यांत पंचगिरी केली, कुणी धाकट्यांना शिकवलं, याचेही गुण मांडले जातात; त्यातून पुढे शाळेची फी निघू शकते आणि ती थेट शाळेत भरली जाते. एकाने स्वतःचे दोन गुण जास्त लावलेत असं एक मुलगी शांतपणे दाखवून देते. खाडाखोड होते. बाहेरून चहा येतो, भरपूर दूध-साखरेचा, आणि चपात्या. हो, चपात्याच, तेलात खरपूस भाजलेल्या, पदर सुटलेल्या, सोबत सुकुमा विकीची पालेभाजी. तुमच्या हाताला गटाराचा वास अजून येतोय, तरी तिसरी चपाती घेतलीत.

वहीवाला साहेब तक्ता वाचतो. सामन्याचा शून्य, सफाईचे सहा. ज्यांनी तुम्हाला चार गोलांनी धुतलं त्यांनी त्यांच्या पाळीचं गटार अर्धं सोडलं होतं, त्यांना सामन्याचे तीनच. तुमचा संघ त्यांच्या वर. त्यांचा कॅप्टन उसळून उभा राहतो, अर्धं गटार म्हणजे निदान तीन तरी गुण द्या म्हणतो, आणि खोलीत एकदम आठ जण बोलायला लागतात.