सहा कलदार, सात हाली

आधी खिसा तपासा. पाचशेची नोट असेल तर राहू द्या आतच, इथं तिच्यावर चहासुद्धा मिळायचा नाही. मे 1948 संपत आलाय आणि तुम्ही दुधनीत आहात. इथल्या बाजारात दोन रुपये चालतात. हिंदुस्थान सरकारचा तो कलदार, निजामाचा तो हाली. सहा कलदार म्हणजे सात हाली. पेढीवरचा मुनीम तेच शंभराला एकशेसोळा रुपये दहा आणे आठ पै असं एका दमात म्हणून दाखवतो.

स्टेशनावर या. मुंबईहून रायचूरमार्गे मद्रासला जाणारा हा रूळ 1871 पासून अखंड आहे, आणि आपल्या मुलखातलं दुधनी हे त्यावरचं शेवटचं स्टेशन. पुढं मोगलाई. इथले लोक निजामाच्या राज्याला अजून तेच म्हणतात. अक्कलकोट संस्थान 8 मार्चला मुंबई प्रांतात विलीन झालं, त्यामुळं सरकारी कागदांवरची नावं बदलताहेत. फलाटावर मात्र बोलणं एकच. 22 मे रोजी गाणगापूर स्टेशनात रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र टोळ्यांनी, गाडीवर हल्ला केला. गाणगापूर याच रुळावर थोडं पुढं. दत्ताच्या दर्शनाला निघालेली दोन माणसं वळकटीवर बसून आहेत, चढावं की परतावं ते ठरत नाही.

मास्तरांच्या खोलीत डोकावा. ते कानडी हेल काढत मराठी बोलतात.

"रूळ एकेरी आहे बघा. पुढच्या स्टेशनानं लाइन क्लिअर दिल्याशिवाय मी गाडी सोडू शकत नाही. त्यांचीही मी दिल्याशिवाय सुटत नाही."

"पण पुढचं स्टेशन तर मोगलाईत."

"स्टेशन मोगलाईत. मास्तर आमच्याच रेल्वेचा." एवढं बोलून ते यंत्राकडं वळतात. घंटी वाजते, उलट घंटी येते, वहीत वेळ चढते. शेजारच्या मास्तरचं बिऱ्हाड स्टेशनामागंच आहे, रात्री रझाकारांच्या घोषणा त्याला घरात ऐकू येतात. तरी त्याची घंटी वेळेवर येते. दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात नोव्हेंबर 1947 मध्ये जैसे थे करार झाला, त्याची दोन्ही बाजूंनी चाललेली चिरफाड तुम्ही वर्तमानपत्रात वाचालच. मला विचाराल तर तो करार इमानानं पाळणारी माणसं या दोन खोल्यांत बसली होती.

गाडी बंद का करत नाहीत, हा प्रश्न तुम्हाला पडणारच. नकाशा आठवा. मुंबईहून मद्रासला जाणारा मोठ्या गेजचा रस्ता गुलबर्ग्यावरून. दिल्लीहून मद्रासला जाणारा काझीपेठवरून. दोन्ही निजामाच्या राज्यातून जातात. हुबळी-गुंतकलकडून जावं तर तिकडं मीटर गेज, म्हणजे प्रत्येक वाघिणीतला माल उतरवून पुन्हा भरायचा. त्यामुळं दिल्लीला एका हातानं हैदराबादची नाडी आवळायची होती आणि दुसऱ्या हातानं त्याच मुलखातून स्वतःच्या गाड्या धाडायच्या होत्या. दुधनीच्या फलाटावर हे दोन्ही एकाच वेळी दिसतं. टपालाचा डबा लावलेली, बंदूकधारी शिपाई बसलेली गाडी सुखेनैव पुढं जाते, आणि मालधक्क्याबाहेर मिठाच्या गोण्या घातलेली बैलगाडी पोलीस अडवतात.

आर्थिक नाकेबंदी आम्ही केलेलीच नाही, असं दिल्ली म्हणते. मीठ, पेट्रोल, औषधं, पाणी शुद्ध करायचं क्लोरीनसुद्धा अडवलं, असं हैदराबाद म्हणतं. खरं खोटं इथं तपासायचं तर गाडीवानाला विचारा. त्याच्यापुढं लेखी हुकूम कुणी धरत नाही, नुसता हात आडवा करतात.

आता आडत बाजारात चला. सावलीत तुरीची पोती उतरताहेत. मृग तोंडावर आहे. ज्याच्या घरात गेल्या हंगामाची तूर उरलीय तो ती विकून बियाण्याची सोय करतोय. हा समोर धोतराचा सोगा सावरत बसलेला शेतकरी सरहद्दीपलीकडचा आहे. तूर त्यानं निजामाच्या लेव्हीतून वाचवली आणि करोडगिरीचा नाका चुकवून रात्रीतून आणली. करोडगिरी म्हणजे तिकडची जकात. असले नाके निजामाविरुद्धच्या चळवळीतल्या पोरांनी कित्येक ठिकाणी जाळलेत, म्हणून उरलेल्या नाक्यांवरचे शिपाई जास्तच बिथरलेत.

हमाल पोतं काट्यावर चढवतो. मापारी आकडा ओरडतो. हमाली, तोलाई, आडत कापून पट्टी तयार होते.

"सावकार, मीठ आन् रॉकेल घेतो तेवढे कलदार द्या. राहिलेले हाली द्या."

सावकार मान हलवतात. शेतकऱ्याला हाली लागणारच. तिकडं सारा हालीत भरायचा, मजुरी हालीत द्यायची, आणि निजाम सरकारनं कलदार व्यवहारातून बादच केलाय, वटहुकूम काढून. मुनीम शंभराला एकशेसोळा-दहा-आठ या सरकारी भावानं नोटा मोजून देतो.

जरा थांबा, ही नोटांची चळत नीट बघा. निजामाचं राज्य किती महिने टिकेल याची खात्री नसताना त्याचा रुपया सरकारी भावाला कोण घेईल? गुजरीत तो स्वस्तात मिळतो. सावकारांनी स्वस्तात घेतलेला हाली शेतकऱ्याला पुऱ्या भावानं दिला. पट्टीत चूक नाही, भाव सरकारी आहे, कुणाला बोट दाखवायला जागा नाही. धामधुमीच्या काळातही बाजार चालू राहिला, असं आपण कौतुकानं म्हणतो. राहिला खरा. त्याचा वटाव या सोगा सावरणाऱ्या माणसानं भरला.

सावकारांना एवढ्यावर खलनायक करू नका मात्र. पेढीमागच्या गोदामात या. तुरीच्या थप्प्या एका बाजूला सरकवून तिथं आळंद, अफझलपूरकडून पळून आलेली कुटुंबं राहिलीत. चुली मांडल्यात, ज्वारी पेढीतून जाते. भाड्याची गोष्ट अजून निघालेली नाही. सोलापुरात अशी माणसं याहून कितीतरी जास्त आहेत.

आता थेट सप्टेंबरात उतरा. 13 तारीख, सोमवार. गावात गणपती बसलेत. मेजर जनरल चौधरींची भारतीय फौज आज सोलापूरहून नळदुर्गच्या रस्त्यानं हैदराबादकडं निघाली. तो रस्ता इथून उत्तरेला आहे, दुधनीला तोफा दिसत नाहीत. इथं लढाई कळते ती यंत्रावर. मास्तर घंटी देतात, उलट घंटी येत नाही. ते पुन्हा देतात. आडत बाजारात काट्याला कुलूप. हालीचा भाव विचारायला माणसं येतात आणि मुनीम ऐकलंच नाही असं करून चोपडीत मान घालतो.

पाचव्या दिवशी, 17 सप्टेंबरला संध्याकाळी, निजाम रेडिओवरून शरणागती जाहीर करतो. गुलाल उधळला जातो. गोदामातली बायामाणसं चुली विझवून बोचकी बांधतात.

पण लगेच निघू नका. पुढच्या आठवड्यांत मोगलाईतून पुन्हा माणसं पळू लागतात, आणि आता ती मुसलमान आहेत. रझाकारांच्या पापाचा सूड रझाकारांपुरता राहिला नाही. सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर, नांदेडबरोबर हा शेजारचा गुलबर्गाही होता. तो अहवाल दशकानुदशकं कपाटात पडून राहिला. पळून आलेल्या या मुसलमानांसाठी दुधनीत किती गोदामांची दारं उघडली, हे विचारायला तुम्ही इथं आहात तर विचारून घ्या. दुधनीत रझाकारांच्या गोष्टी पुष्कळ सांगतात, ही सांगत नाहीत.

काटा पुन्हा सुरू होतो. तूर येते. आणि गंमत म्हणजे हालीही येतो. राज्य गेलं तरी रुपया गेला नाही. 1951 मध्ये तो काढणं थांबलं, पण रद्द झाला 1959 मध्ये. पाच दिवसांत संपलेल्या लढाईचा हिशेब त्यानंतर अकरा वर्षं सहाला सात या दरानं चालला. आता मात्र निजाम राहील की जाईल ही धाकधूक नाही, भाव पक्का आहे. तोच शेतकरी पेढीवर येतो, पट्टी उलटीपालटी करून बघतो.

"सावकार, आता तर राज एकच झालं. मग हा 'वटाव' कशाचा लिवलाय?"

सावकार चष्मा कपाळावर चढवतात. "अरे, नोटा मोजायला मुनीम लागतो की नाही?"