रेडिओ केंद्रांची तडित व स्पंद संरक्षण चाचणी

रेडिओ केंद्राचा टॉवर, फीडर केबल, वीजपुरवठा आणि यंत्रखोली विजेचा किंवा विद्युतचुंबकीय स्पंदाचा आघात सोसतील का, हे मोजून ठरवण्याची प्रक्रिया.

अणुस्फोटजन्य स्पंदाचा धोका ९ जुलै १९६२ रोजी ठळकपणे दिसला. पॅसिफिकवर सुमारे ४०० किमी. उंचीवर झालेल्या ‘स्टारफिश प्राइम’ या अमेरिकी अणुचाचणीमुळे सुमारे १,४०० किमी. दूरच्या हवाईतील काही रस्त्यांवरचे दिवे बंद पडले. अशा स्पंदाचा पहिला भाग काही नॅनोसेकंदांत शिखर गाठतो. विजेसाठी बसवलेले साधे अरेस्टर (तडित-रोधक) तेवढ्या वेगाला बहुधा पुरत नाहीत. दुसरा भाग विजेसारखाच असतो. तिसरा मंद असून लांब तारांना बाधतो.

अकोले तालुक्यासारख्या सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या प्रदेशात (कळसूबाई, १,६४६ मी.) खरी कसोटी अर्थिंगची, म्हणजे जमिनीशी केलेल्या विद्युत जोडणीची. बेसाल्टवर मुरमाचा थर पातळ, त्यात उन्हाळ्यात ओल उरत नाही आणि मातीचा रोध वाढतो. वळवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत पडतात. म्हणून पावसाळ्यात घेतलेले चांगले माप फसवे ठरते. चाचणी एप्रिल-मेमध्येच घ्यावी. अर्थ इलेक्ट्रोड यंत्रणेपासून सोडवून दूरवर प्रवाहाची खुंटी ठोकतात, व्होल्टेजची खुंटी त्या अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर. ती थोडी मागेपुढे सरकवूनही आकडा जवळपास तोच राहिला, तरच माप ग्राह्य. कातळात खुंटी शिरत नाही. तेथे धातूची पट्टी ओल्या फडक्यावर ठेवून पाणी शिंपडतात. १० ओहमपेक्षा कमी रोध इष्ट मानतात. घाटघरसारख्या अतिवृष्टीच्या भागात अर्थिंगच्या खड्ड्यात घातलेले मीठ वाहून जाते, त्यामुळे जुन्या मापावर विसंबता येत नाही. आकडा चांगला असूनही खाली येणाऱ्या पट्टीला गुंडाळी किंवा तीव्र वळण असेल, तर वीज बाजूला उडी घेते. ही चूक मीटर दाखवत नाही, ती डोळ्यांनीच तपासावी लागते. फीडर केबलचे बाह्य आवरण टॉवरच्या माथ्यावर, पायथ्याशी व खोलीत शिरताना अर्थला जोडलेले हवे.

स्पंदापासूनच्या बचावासाठी आवरण-चाचणी असते. तीत धातूच्या आवरणाच्या खोलीबाहेर प्रक्षेपक व आत ग्राहक ठेवून तरंग किती क्षीण होतो ते पाहतात. दार आणि केबलची छिद्रे या नेहमीच्या कच्च्या जागा. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत (४५ मी. व्यासाच्या ३० अँटेना) हेच तत्त्व उलट दिशेने लागू पडते: तेथे आतल्या यंत्रांचा गोंगाट बाहेर पडू द्यायचा नसतो. तेथील अँटेनांचे संकेत प्रकाशीय तंतूंतून येतात. काचेच्या तंतूतून विजेचा प्रवाह वाहत नाही, म्हणून त्यावाटे आघातही आत शिरत नाही.

मानके : आयएस ३०४३ (अर्थिंग), आयईसी ६२३०५ (वीजसंरक्षण).

ढग जमताच मोजणी थांबवावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देते.