सुरत खरंच बेसुरत झाली का?

शिवाजी महाराजांनी सुरत ‘बेसुरत’ केली, हे मराठी घराघरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. यमक जुळते, अभिमानही सुखावतो, म्हणून ते तपासून पाहावे असे सहसा कुणाला वाटत नाही. तपासायला मात्र हवे, कारण त्यात एका मोठ्या शहराचा इतिहास चार दिवसांत आटोपला जातो. बेसुरत म्हणताना आपल्या मनात असते ते बेचिराख शहर, आणि आपल्या महसुली दप्तरात बेचिराख गाव म्हणजे जिथे वस्तीच उरलेली नाही असे गाव. लुटलेले गाव आणि बेचिराख गाव यांत फरक आहे, कारण लुटलेल्या गावात दुसऱ्या दिवशी चूल पेटू शकते. सुरत 1664 मध्ये लुटली गेली आणि 1670 मध्ये पुन्हा लुटली गेली, आणि दोन्ही वेळा तिच्या चुली पुन्हा पेटल्या. तिचा खरा ऱ्हास अठराव्या शतकात, हळूहळू आणि अनेक हातांनी झाला. त्या हातांत मराठ्यांचेही हात होते, पण ते महाराजांच्या पश्चात आलेल्या पिढ्यांचे.

लुटीची भीषणता कमी करून सांगण्याचे कारण नाही. शाहिस्तेखानाने तीन वर्षे पुण्याचा मुलूख तुडवला होता, स्वराज्याचा खजिना रिता झाला होता, आणि मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर तापीकाठी जवळजवळ उघडे पडले होते. शहराला धड तटबंदी नव्हती, मातीची भिंत तेवढी होती. सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार सरकारातून उचलत असे, पण तेवढे शिपाई त्याने ठेवलेच नव्हते. 1664 च्या जानेवारीत मराठी फौज शहरात शिरली तेव्हा तो रयतेला वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला. तहाच्या बोलणीसाठी म्हणून त्याने पाठवलेल्या माणसाने महाराजांवरच कट्यार उगारली. त्यानंतर कैद्यांना कठोर शिक्षा झाल्या, हात तोडले गेले. वीरजी व्होरा आणि हाजी सय्यद बेग यांची घरे खणून काढली गेली, घरांना आगी लागल्या आणि शहराचा मोठा भाग जळाला. जॉर्ज ऑक्झेंडनच्या हाताखालील इंग्रजांनी आपली वखार राखली, डचांनीही राखली. फ्रेंच प्रवासी बर्निए याच्या लेखनात मात्र आणखी एक बाजू दिसते. कॅपुचिन पंथाचे फादर अँब्रोज यांचे घर लुटीतून वगळले गेले, आणि डचांच्या एका दिवंगत दलालाचे घरही, कारण तो माणूस दानधर्मासाठी प्रसिद्ध होता. कुठला पैसा घ्यायचा आणि कुठला सोडायचा, हे या लुटीत ठरवले जात होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. उभ्या राहणाऱ्या राज्याला पैसा हवा होता, आणि सुरतेवरची स्वारी त्यासाठीच होती.

लुटीनंतर औरंगजेबाने सुरतेच्या सर्व व्यापाऱ्यांना एक वर्षाची जकात माफ केली, इंग्रज-डचांना आयात जकातीत एक टक्का सवलत दिली आणि शहराभोवती विटांचा तट बांधवला. मेलेल्या शहराला कुणी जकातीची माफी देत नाही. 3 ऑक्टोबर 1670 रोजी महाराज पुन्हा आले तेव्हा लुटायला पुरेसे होते, हाही पुरावाच आहे. मक्केहून परतलेला काशगरचा पदच्युत राजा तेव्हा शहराच्या सरायात मुक्कामाला होता, आणि त्याचा खजिना मराठ्यांच्या हाती लागला. मध्य आशियातला राजा हजला जाता-येता जिथे थांबे ते शहर केवढे असेल! यावेळी परतताना महाराजांनी मागणी ठेवली की दरसाल बारा लाख रुपये द्या, नाहीतर पुन्हा येऊ. ही मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याला शहर संपवायचे असते तो त्याच्याकडून वार्षिक रक्कम मागत नाही. दरवर्षी बारा लाख यायचे तर पेढ्या चालायला हव्यात, जहाजे येमेनच्या मोखा बंदराला जायला-यायला हवीत. सुरत कमावत राहावी आणि त्या कमाईत स्वराज्याचा वाटा असावा, हा त्या मागणीचा अर्थ आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासकार जदुनाथ सरकारांचा आहे. लुटीच्या रकमेपेक्षा दहशतीने जास्त नुकसान केले, असे त्यांचे म्हणणे. 1670 नंतर मराठे येताहेत अशी नुसती आवई उठली तरी व्यापारी माल जहाजांवर चढवून पळत, आणि या श्रीमंत बंदराचा व्यापार त्यामुळे जवळजवळ बुडाला, असा त्यांचा निष्कर्ष. पहिला भाग मान्य करायलाच हवा. त्या दशकातली घबराट खरी होती, आणि वीरजी व्होराचे नाव दुसऱ्या लुटीनंतर वखारीच्या कागदांतून दिसेनासे होते. पण व्यापार बुडाला हा निष्कर्ष पुढच्या तीस वर्षांच्या पुराव्यापुढे टिकत नाही. सुरतेचा सर्वांत मोठा जहाजमालक, बोहरा व्यापारी मुल्ला अब्दुल गफूर, याची भरभराट या लुटींनंतरची आहे. त्याच्या एकट्याचा व्यापार इंग्रज कंपनीच्या तोडीचा आहे, असे अलेक्झांडर हॅमिल्टन या स्कॉट कप्तानाने नोंदवले आहे. 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ जहाज लुटले, तेही मोख्याहून सुरतेला येत होते. इतिहासकार अशीन दासगुप्ता यांनी डच कागदपत्रांवरून दाखवले की सुरतेच्या हिंदी व्यापाऱ्यांचा जहाजी ताफा 1700 च्या सुमारास शिखरावर होता आणि त्यात शंभराहून अधिक जहाजे होती. दुसऱ्या लुटीला तेव्हा तीस वर्षे झाली होती. दहशतीने व्यापार हादरला आणि पुन्हा सावरला, इतकेच सरकारांच्या पुराव्यातून निघते.

महाराजांच्या धाकाने इंग्रज मुंबईला गेले आणि सुरत ओस पडली, असेही सांगतात. मुंबई कंपनीकडे 1668 मध्येच आली होती आणि मुख्य ठाणे तिकडे हलले 1687 मध्ये, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सात वर्षांनी, कंपनीने स्वतः औरंगजेबाशी भांडण काढले त्या काळात. शिवाय मुंबई सुरतेच्या तोडीचे बंदर व्हायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली.

मग सुरत ढासळली कशाने? दासगुप्तांचे उत्तर मला पटते, कारण ते एका घटनेवर सगळा भार टाकत नाही. सुरत दोन समुद्रांवर आणि एका साम्राज्यावर जगत होती. 1722 मध्ये इस्फहान पडले आणि सफवी इराणचा बाजार कोसळला. येमेनमधल्या यादवीने तांबड्या समुद्राचा व्यापार खिळखिळा केला. दिल्लीची सत्ता आतून पोखरली गेली, तशी आग्रा-बऱ्हाणपूरकडून सुरतेला माल आणणारी वाट असुरक्षित झाली. दिल्लीहून आधार सुटलेले सुरतेचे अंमलदार मग गावातल्या व्यापाऱ्यांनाच पिळू लागले. गफूरचा वारस मुहंमद अली याने 1732 मध्ये व्यापाऱ्यांना एकत्र करून सोहराबखान या अंमलदाराला हुसकावून लावले. पण ज्याला त्याने गादीवर बसवले त्या तेगबेगखानानेच त्याला कैदेत टाकले, आणि 1733 मध्ये तो कैदेतच मेला. हिंदुस्थानातल्या एका अतिश्रीमंत घराण्याचा वारस आपल्याच शहरात असा संपतो, ही घटना मला दोन्ही लुटींहून अधिक भयंकर वाटते. लुटारू चार दिवसांनी निघून जातो, सुरतेचा अंमलदार मात्र तिथेच राहून पिळत होता.

आणि याच काळात मराठे पुन्हा आले, ते या वेळी जाण्यासाठी नव्हे. 1719 च्या सुमारास पिलाजी गायकवाडांनी सोनगडला ठाणे केले आणि सुरतेभोवतीच्या अठ्ठाविशी परगण्यांत चौथ वसूल होऊ लागली. सुरतेचा सुभेदार शहराचा धनी राहिला, पण ज्या गावांच्या उत्पन्नावर त्याची फौज चालायची ती गावे हातातून गेली. ती तूट त्याने पेढीवाल्यांकडून भरून काढली. स्वराज्याच्या गरजेपोटी झालेल्या दोन स्वाऱ्या आणि वर्षानुवर्षे मुलुखातून ओढलेली चौथ यांची बेरीज करून ती महाराजांच्या नावावर टाकणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. आणि सुरतेच्या ऱ्हासात मराठ्यांचा हात नव्हताच म्हणणे हा सुरतेवर.

1759 मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला. तेव्हाही शहर निष्प्राण नव्हते. समुद्री व्यापार आटला तरी सावकारी टिकून होती, आणि अर्जुनजी नाथजी त्रवाडींसारख्या पेढ्यांच्या हुंड्यांवर कंपनीच्या मुंबई सरकारच्या मोहिमा चालल्या. 1800 मध्ये नवाबाचा कारभार इंग्रजांनी घेतला, आणि 1802 च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने सुरतेवरचे आपले हक्क सोडून दिले. 1837 च्या एप्रिलमधल्या आगीत नऊ हजारांवर घरे जळाली आणि त्याच वर्षी तापीला पूर आला. आगी सुरतेला नव्या नव्हत्या, जळालेली सुरत 1664 नंतर पुन्हा उभी राहिली होती. पण तेव्हा जगभरचा माल याच बंदरात उतरत होता. 1837 मध्ये तो मुंबईला उतरत होता, म्हणून ज्यांना शक्य होते ती पारशी, वाणी, बोहरी कुटुंबे घर पुन्हा न बांधता मुंबईला गेली. 1847 पर्यंत वस्ती सुमारे 80 हजारांवर आली. आगीच्या वेळी तीन वर्षांचा असलेला कवी नर्मद याने पुढे सुरतेच्या या दुर्दशेवर कविता लिहिली. त्याने पाहिलेली पडझड 1664 ची नव्हती.