'ध'चा 'मा' : एका खुनाचा पुरावा

'ध'चा 'मा' हा शब्दप्रयोग आपल्या घरोघरी आहे. पण तो ज्या खुनावरून निघाला, त्याचा पुरावा कोण तपासतो? चार्जशीट झालेल्या कामगारांची बाजू मांडण्यात आमचे आयुष्य गेले. म्हणून कागद पुढे आला की आम्ही तीन गोष्टी विचारतो : मूळ प्रत कुठे आहे? ती कोणाच्या हातून आली? आणि ती खरी मानली तर फायदा कोणाचा?

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यास ठार केले. एवढे निर्विवाद आहे. सुमेरसिंग, महंमद युसुफ, तुळाजी पवार ही नावेही पक्की आहेत. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, राघोबादादांस दोषी ठरवले आणि पद सोडले.

आता ती चिठ्ठी. दादांनी 'धरावे' लिहिले, आनंदीबाईंनी 'मारावे' केले, ही हकीकत ग्रँट डफने १८२६ साली छापली. म्हणजे ५३ वर्षांनंतर. मूळ कागद रामशास्त्र्यांना मिळाला, असे तो सांगतो. पण अक्षर बाईंनीच बदलले, ह्याला त्याचा आधार लोकांच्या समजुतीचा! तो कागद आज कोणी पुढे ठेवू शकत नाही. आणि फायदा? 'आपण फक्त धरायला सांगितले होते' असे म्हणायला दादा मोकळे होतात.

खरे प्रश्न ह्या गोष्टीआड राहून गेले. पेशव्याने सावध केले असूनही हरिपंत फडक्यांनी बंदोबस्त वेळेवर का केला नाही? सखारामबापूंना कटाची कितपत माहिती होती? गारदी थकलेल्या पगाराची ओरड करीत आत शिरले, असे सांगतात. पगार थकला की दंगा होतो, हे आम्ही जाणतो. पण दंगा आपोआप धन्याच्या दालनापर्यंत पोचत नाही. वाट दाखवणारा लागतो.

उत्तरे शोधायची तर बखरीआधी त्या काळची पत्रे वाचावीत. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड त्यासाठीच आहेत.

आनंदीबाई निर्दोष होत्या, असे आम्ही म्हणत नाही. आरोप शाबीत झालेला नाही, एवढेच म्हणतो. पुराव्यावाचून शिक्षा नको, हे आपण गिरणीच्या दारात मागतो. मग इतिहासात अडीचशे वर्षे एका बाईला ते का नाकारावे?