प्राग विमानतळावरची चाळणी

निर्वासितांचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, "खरे कोण आणि खोटे कोण, हे ठरवायचं कसं?" प्रश्न रास्त आहे. मला अशा वेळी प्राग विमानतळाचा खटला आठवतो. आज त्याबद्दल.

रोमा लोकांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून युरोपकडे गेले. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला 'पानी' आणि कानाला 'कान'च म्हणतात. चेक प्रजासत्ताकात त्यांची मुलं सर्रास मतिमंदांसाठीच्या शाळांत घातली जायची. उस्ती नाद लाबेम शहरात तर १९९९ मध्ये रोमांच्या इमारतींसमोर भिंत बांधली गेली. जगभर ओरड झाली, तेव्हा ती त्याच वर्षी पाडली.

अशी माणसं ब्रिटनकडे आश्रय मागू लागली. १९५१ च्या निर्वासित करारानुसार वंशावरून छळ होण्याची साधार भीती असेल, तर आश्रय मिळतो. पण घोडं अडतं ते 'छळ' या शब्दावर. नोकरी नाकारली, मुलाला वेगळ्या शाळेत घातलं, हॉटेलात शिरू दिलं नाही, हे सगळं सुटंसुटं पाहिलं तर 'नुसता भेदभाव' ठरतं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची १९७९ ची मार्गदर्शिका सांगते की भेदभावाने पोट भरणं किंवा शिक्षणच अशक्य झालं, किंवा असे प्रकार एकावर एक साठले, तर तो छळ ठरू शकतो. म्हणजे हिशेब एकत्र करायचा.

ब्रिटनने हिशेबाची वेळच येऊ दिली नाही. जुलै २००१ मध्ये त्यांनी आपले अधिकारी थेट प्राग विमानतळावर बसवले. विमानात चढण्याआधीच प्रवाशांची चौकशी. रोमांपैकी जवळजवळ ९० टक्के लोकांना परत पाठवलं. इतर चेक प्रवाशांपैकी फक्त ०.२ टक्के. म्हणजे रोमा माणूस अडवला जाण्याची शक्यता ४०० पट!

बचाव काय होता? रोमांना मायदेशी त्रास होतो, म्हणून ते आश्रय मागण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांच्यावर संशय जास्त. जो भेदभाव त्यांच्या अर्जाचा आधार ठरायला हवा होता, तोच त्यांना अडवायचं कारण झाला.

डिसेंबर २००४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला: हा वांशिक भेदभाव आहे, बेकायदेशीर आहे. लेडी हेल यांचा मुद्दा सरळ होता. एखाद्या गटाबद्दलचा समज खरा असला, तरी त्यावरून त्या गटातल्या प्रत्येकाला वेगळी वागणूक देता येत नाही. पण त्याच निकालात हेही ठरलं की निर्वासित कराराचा भंग झालेला नाही, कारण ही माणसं अजून आपल्याच देशात होती. देशाबाहेर पडल्याशिवाय निर्वासित होता येत नाही, आणि बाहेर तर पडूच दिलं नव्हतं.

२००७ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ओस्ट्रावाच्या १८ रोमा विद्यार्थ्यांच्या खटल्यात मान्य केलं, की त्यांना त्या शाळांत घालणं हा भेदभावच होता. म्हणजे तक्रार खोटी नव्हती.

म्हणून मला वाटतं, "खरे कोण, खोटे कोण" याआधी एक प्रश्न विचारायला हवा: त्या माणसाचं म्हणणं कोणी ऐकून तरी घेतलं का? चेहरा बघून रांगेतून बाजूला काढलेल्याचा खरेखोटेपणा कधी तपासलाच जात नाही.